दुबईत चौदा तासांचा थांबा, पहिल्या वर्गाचं तिकीट: वेळ कसा काढावा?

येळ्ळूरचे गुरुजी:

मंडळी, नमस्कार. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. मराठी प्राथमिक शाळेत ३६ वर्षं शिकवून निवृत्त झालो. वय ६८, सौ. ६४ वर्षांची. मागच्या दिवाळीनंतर तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आमची लेक न्यू जर्सीत असते. जूनअखेरीस तिचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणून आम्ही दोघं निघालो आहोत.

आईचा गुडघा डोळ्यांपुढे ठेवून लेकीने आणि जावयाने एमिरेट्सचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं. बेंगळुरूहून दुबई, तिथून न्यूयॉर्क. एवढा पैसा कशाला, असं मी चार वेळा म्हणालो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आम्हाला कधी मोजून शिकवलं का? मग मी गप्प बसलो.

अडचण अशी, की दुबईत आम्ही दुपारी एकच्या सुमारास उतरतो आणि पुढचं विमान पहाटे तीनला आहे. काशी, रामेश्वर सगळं आम्ही रेल्वेने केलं. विमानात एकदाच बसलो, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईला, भाच्याच्या लग्नाला. विमानतळावरच्या लाउंजमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या विश्रांतीच्या दालनात बसा, सगळं मिळतं, असं लेक सांगते. पण सगळं म्हणजे काय? चौदा तास बसू देतात का? जेवणाचे पैसे द्यावे लागतात का? सौ. शुद्ध शाकाहारी आहे आणि एकादशी धरते. बॅगा मध्ये उतरवून घ्यायच्या का? बाहेर पडून गाव बघावं का? मला इंग्रजी वाचता येतं, बोलताना वेळ लागतो. जाऊन आलेल्या कुणी सविस्तर लिहिलं तर उपकार होतील.

चोर्ला घाट:

गुरुजी, आधी अभिनंदन! चौदा तास खुर्चीत कशाला काढता? पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे म्हटल्यावर दुबईत उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा मिळतो. फी भरावी लागते, आणि अमेरिकेचा व्हिसा व पासपोर्ट दोन्हींची मुदत किमान सहा महिने शिल्लक पाहिजे. टर्मिनल ३ मधूनच मेट्रो सुटते. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे, ती खालून बघितली तरी मान दुखते. नंतर खाडीवर जा. तिथे एक दिरहमला लाकडी होडीतून पलीकडे जाता येतं, अब्रा म्हणतात तिला. देरा बाजूला सोन्याचा बाजार आहे. रात्री अकरापर्यंत आरामात परत याल. मी गेल्या जानेवारीत एवढं सगळं केलं.

मलप्रभाकाठ:

गुरुजी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. दुबईच्या विमानतळावर पहिल्या वर्गाच्या एका लाउंजच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं होतो. २०२० ला गावी परत आलो, आता शेती बघतो. त्या खुर्च्यांत मी प्रवासी म्हणून कधी बसलो नाही. पण बसलेली माणसं अकरा वर्षं रोज बघितली, त्या हक्काने लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या.

चोर्ला घाटवाल्या दादांचं व्हिसाचं बरोबर आहे, खाडीचंही. पण ते जानेवारीत गेले होते. जूनमध्ये तिथे दुपारी चाळीसच्या वर पारा असतो, आणि समुद्रामुळे हवा अशी दमट, की दाराबाहेर पाऊल टाकल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते. आपल्या हिकडं जूनमध्ये पहिला पाऊस आलेला असतो, त्या हवेतून तुम्ही थेट तिथे उतरणार. ऑपरेशन होऊन वर्ष न झालेल्या गुडघ्यानं त्या उन्हात फिरायचं, आणि नंतर चौदा तासांचं विमान? नको ओ. गाव परतीच्या वेळी बघा, थंडीत येणार असाल तर.

आता लाउंजचं. तुम्हाला एक प्रसंग सांगतो, तो कळला की निम्मे प्रश्न सुटतील.

२०१६ च्या हिवाळ्यात एक आजी-आजोबा आले होते, संकेश्वरकडचे. दारातून आत आल्यावर पहिला सोफा लागतो, त्याच्या कडेवर दोघं बसलेले, पिशव्या मांडीवर. मी जेवणाच्या बाजूला भांडी भरायला आलो तेव्हा दिसले. दोन तासांनी परत आलो तरी तसेच, पिशव्या तशाच मांडीवर. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघत असतील. मग आजींचा आवाज कानावर पडला: "पाणी तरी कुठं इकत मिळतंय काय बघा की." मराठी ऐकून माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. जवळ जाऊन म्हटलं, आजी, पाणी इकत नाही, कितीही प्या. तर त्यांना खरंच वाटेना. काही उचललं तर बिल येईल, तेही तिकडच्या पैशात, आणि ते मुलाच्या माथी बसेल, अशी त्यांची समजूत होती. पोरानं एवढं केलंय, त्याला आणखी खर्चात घालायचं नाही, म्हणून दोघं चार तास तहानलेली बसून होती. जेवणाची खोली तिथून दहा पावलांवर होती, गुरुजी. दहा पावलं.

मुख्य आचाऱ्याला विचारून मी तुरीची डाळ शिजवली, साधी, हिंग-जिऱ्याची फोडणी. भात, वर तूप. आजींनी पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि आधी माझ्या हातावर ठेवली. तो घास मी अजून विसरलो नाही.

आपल्या भागातली माणसं भिडस्त. कुणाकडं काही मागायचं म्हणजे आपल्याला जिवावर येतं. तिथं ही भीड बॅगेत घालून ठेवा. तुमच्या लेकीनं जे पैसे भरलेत, त्यात हे सगळं धरलेलं आहे. तुम्ही मागितलं नाही म्हणून तिला त्यातलं एक दिरहम परत मिळत नाही. म्हणून बाईंना माझा निरोप सांगा: मागा. पाणी, चहा, चादर, गरम भात, मऊ उशी, सगळं मागा.

आता क्रमानं सांगतो. व्हीलचेअर आजच तिकिटावर नोंदवून घ्या, लेकीनं तिकिटात जाऊन केलं तरी चालतं. त्याला पैसे नाहीत. दुबईत विमानाच्या दारात माणूस उभा राहतो. तो मोठा विमानतळ आहे ओ. एमिरेट्सच्या टर्मिनल ३ मध्येच ए, बी आणि सी अशा तीन लांबच लांब इमारती आहेत, ए इमारतीत ये-जा करायला आत रेल्वे आहे. चालत गेलात तर बाईंचा गुडघा लाउंजला पोचायच्या आतच सुजेल. वाटेत पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, तिथं १०० मिलीपेक्षा मोठी तेलाची, लोणच्याची बाटली हातातल्या बॅगेत असली तर काढून ठेवतात.

लाउंज कुठलं, ते पुढचं विमान कुठून सुटतं त्यावर बघा. ए इमारत २०१३ ला सुरू झाली, ती खास त्या दुमजली ए३८० विमानांसाठी बांधलेली आहे. तिथलं पहिल्या वर्गाचं लाउंज इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं आहे, आणि तिथूनच थेट विमानाच्या वरच्या मजल्यावर चढता येतं. खाली गेटपाशी रांगेत उभं राहावं लागत नाही. बिझनेस वर्गाचं लाउंज वेगळं असतं, पाटी नीट वाचून जा. दारावर बोर्डिंग पास दाखवला की झालं.

टेबलावर बसून जेवायची खोली असते, तिथं पदार्थांचं कार्ड बघून सांगायचं. कार्डावर नसलं तरी विचारायचं. डाळ, भात, रोटी, दही मिळायला अडचण पडत नाही. बाईंना सांगून ठेवा, अंडंसुद्धा नको असेल तर तसं स्पष्ट शब्दांत सांगायचं, कारण तिकडं कित्येक जण अंडं शाकाहारात धरतात. एकादशी आडवी आली तर साबुदाणा नाही मिळणार, पण खजूर, फळं, दही, बदाम, उकडलेला बटाटा भरपूर. खजूर तर असा, की उपास सोडावासा वाटत नाही.

अंघोळीच्या खोल्या आहेत, पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगळ्या. टॉवेल, साबण, कंगवा, दात घासायचा ब्रश तिथंच देतात. बाईंनी एक धुतलेली सुती साडी हातातल्या बॅगेत वर ठेवावी. प्रवासात अंग धुऊन सुती साडी नेसली की माणूस निम्मा बरा होतो, माझी आई असं म्हणायची. ए३८० मध्ये विमानातही अंघोळीची सोय असते. पाणी पाचच मिनिटं वाहतं, आणि वेळ आधी सांगून ठेवावी लागते. पाय घसरायला नको, म्हणून बाईंनी खालीच अंघोळ करून घ्यावी असं मला वाटतं. तुम्ही मात्र वर करून बघा की! आकाशात अंघोळ केलेला येळ्ळुरात दुसरा कोण सापडणार?

पैसे कुठं पडतात, तर दुकानात काही विकत घेतलं तर, आणि मालिशच्या खोलीत. तिथं कशाला किती लागतात ते आधी विचारून मग बसा. टिप द्यावी लागत नाही.

झोपेचं गणित फार महत्त्वाचं आहे. तुमचं विमान पहाटे तीनला, म्हणजे बेळगावच्या घड्याळात साडेचार. पण न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि तुम्ही उतरता तिथल्या सकाळी. म्हणजे विमानातले चौदा तास ही तिथली रात्र. म्हणून उतरल्यावर दोनला जेवा, तीनला अंघोळ, चार ते आठ झोप. शांत खोली कुठं आहे ते दारावरच विचारा, चादर मागा. आठनंतर दर तासाला दहा मिनिटं चाला, दोघंही. पायाला सूज येत नाही. रात्री हलकं खा. विमानात चढल्यावर जेवण उरकून गादी घालायला सांगा आणि खुशाल झोपा. असं केलंत तर लेकीच्या दारात ताजेतवाने उतराल. तिला तिथं तुमची मदत पाहिजे, तुमची सेवा करायची वेळ तिच्यावर यायला नको.

एमिरेट्सची दुबई कनेक्ट म्हणून सोय आहे. लांबच्या थांब्याला हॉटेल, जेवण, ने-आण देतात. पण त्याहून लवकरचं विमान असताना आपणच उशिराचं निवडलं असेल तर ती मिळत नाही, आणि आधी नोंद करावी लागते. लेकीला आजच बघायला सांगा. मिळालं तरी बाहेर जाऊन परत आत यायचं, दोन वेळा रांगा, हे लक्षात घ्या. टर्मिनलच्या आतही एक हॉटेल आहे, दुबई इंटरनॅशनल. त्याला व्हिसा लागत नाही, पैसे मात्र भरावे लागतात. मी असतो तर लाउंजमध्येच झोपलो असतो.

आता दोन गोष्टी नीट वाचा, या हसण्यावारी नेऊ नका. एक, खसखस. अमिरातीत खसखशीवर पूर्ण बंदी आहे, अमली पदार्थांत धरतात. अनारशावर लावलेली, करंजीच्या सारणातली, मांड्यातली, काहीही नको. बाळंतिणीसाठी लाडू करून नेणार असाल तर त्यातही नको. विमान बदलायलाच थांबतोय म्हणून चालेल, असं धरून चालू नका. दोन, औषधं. ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथं नियंत्रित यादीत आहे, न्यायचं तर आधी सरकारी परवानगी लागते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अशी गोळी कित्येकांना दिलेली असते. पाकिटावरचं नाव बघा, तेच असेल तर डॉक्टरांकडून बदलून घ्या. बाकी औषधंही चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात.

बॅगांचं राहिलं. एकाच तिकिटावर असल्यानं त्या बेंगळुरूहून थेट न्यूयॉर्कला जातात, दुबईत बघायच्या नाहीत. पण सांबऱ्याहून बेंगळुरूला कसे जाणार ते तुम्ही लिहिलं नाही.

निपाणीची लेक:

मलप्रभाकाठ दादा, तुमचं वाचून माझ्या वडिलांची आठवण आली. ते माझ्यासोबत कतारच्या दोहावरून गेले होते. तिथे पहिल्या वर्गाच्या लाउंजला अल सफवा म्हणतात, बिझनेसच्या लाउंजला अल मुर्जान. आम्ही आधी अल मुर्जानच्या दारात गेलो, तिथल्या मुलीने स्वतः चालत येऊन योग्य दारात सोडलं.

गुरुजी, एक गोष्ट कुणी लिहिली नाही. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही, मेसेज आणि फोटो जातात. आईचा फोन लागला नाही की लेक घाबरते, आणि त्या अवस्थेत तिने घाबरू नये. आधीच ठरवून ठेवा: उतरल्यावर एक मेसेज, विमानात बसताना एक. आणि दोघांनी आत भेटायची एक जागा पक्की करा, कारण तिथे एक जण हात धुवायला गेला की दुसऱ्याला सापडत नाही. दोहात मधोमध सात मीटर उंचीचं पिवळं अस्वल आहे, दिवा डोक्यात खुपसलेलं. आमचे बाबा त्याच्या पायाशी बसून राहिले आणि म्हणाले, आता मला कुणीही शोधू शकतं.

येळ्ळूरचे गुरुजी:

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे मानू! मलप्रभाकाठ, तुमचं लिखाण मी सौ.ला दोनदा वाचून दाखवलं. त्या आजी-आजोबांच्या ठिकाणी वाचता वाचता मला थांबावं लागलं, कारण आम्ही नेमकं तेच केलं असतं. तिने भाकरी-चटणी बांधायची असं ठरवूनच टाकलं होतं.

गोळीचं पाकीट काढून बघितलं, ट्रामाडॉलच आहे. उद्या दवाखान्यात जातो. आणि डिंकाच्या लाडवात तिने मूठभर खसखस घातलेली आहे, डबा भरून तयार होता. तो आता शेजारी वाटून टाकला, नवे लाडू बिनखसखशीचे होतील.

सांबऱ्याहून आदल्या संध्याकाळच्या इंडिगोचं तिकीट वेगळं काढलं आहे. बेंगळुरूला भाच्याकडे मुक्काम. बेळगावची मिठाई, कुंदा, नेता येईल का?

मलप्रभाकाठ:

तेच विचारायचं होतं. बघा, अमेरिकेच्या तिकिटावर तुम्हाला माणशी ३२ किलोच्या दोन बॅगा आहेत. पण सांबऱ्याच्या विमानात माणशी १५ किलोच. चार मोठ्या बॅगा घेऊन सांबऱ्याला गेलात तर तिथंच जादा पैसे भरत बसाल. मोठ्या बॅगा भाच्याला दोन दिवस आधी गाडीनं न्यायला सांगा, किंवा तुम्हीच रेल्वेनं जा. आता बेळगावहून बेंगळुरूला वंदे भारतही आहे, गुडघ्याला पाय लांब करून बसता येतं. इंडिगो बेंगळुरूला टर्मिनल १ ला उतरतं, दुबईचं विमान टर्मिनल २ वरून. भाच्याकडे मुक्काम असल्यानं तुम्हाला ती धावपळ नाही, पण सकाळी कुठं जायचं ते गाडीवाल्याला नीट सांगा.

कुंद्याचा डबा घट्ट बांधून मोठ्या बॅगेत घाला. अमेरिकेत उतरल्यावर खायचं काय काय आणलंय ते विचारलं तर सगळं सांगायचं, लपवायचं काही नाही. आत न्यायचं की नाही ते तिथला अधिकारी ठरवतो.

पोचल्यावर लिहा, वाट बघतो.

येळ्ळूरचे गुरुजी (महिन्याने):

न्यू जर्सीहून लिहितोय. नात झाली, दोघी सुखरूप.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. व्हीलचेअरवाला मुलगा नेपाळचा होता, हिंदीत बोलत बोलत थेट लाउंजच्या दारात सोडून गेला. गोळी डॉक्टरांनी बदलून दिली होती. कुंदा पोचला, अधिकाऱ्याने डबा उघडून बघितला आणि बंद करून परत दिला. सौ. चार ते आठ म्हणून झोपली ती साडेनऊला उठली, मी बाजूच्या खुर्चीत जागा होतो. आकाशातली अंघोळही केली. पाच मिनिटं पुरून उरतात, आमच्या विहिरीवर बादलीने याहून लवकर होते.

जेवणाच्या खोलीत गेल्यावर मी कार्ड वाचत होतो. तेवढ्यात वाढायला आलेल्या मुलीकडे बघून सौ. म्हणाली, "दाल, राइस, घी. एग नो." घरून निघताना नातेवाइकांच्या मुलीकडून तिने एवढे शब्द पाठ करून घेतले होते, मला पत्ता नव्हता. डाळ आली. दोन घास झाले आणि तिने त्या मुलीला परत बोलावून मीठ मागितलं.

परतीचं तिकीट डिसेंबरचं आहे, दुबईत थांबा पाच तासांचा. तेवढ्यात खाडीवरची ती होडी जमेल का, चोर्ला घाट?